दाखल असलेल्या मनोरुग्णाने हल्ला केला, तर गुन्हा कुणाचा?

मानसोपचार वॉर्डातल्या रुग्णाने कर्मचाऱ्याला किंवा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला मारलं, अशी बातमी अधूनमधून येते. मग सोलापुरात चहाच्या गाड्यावर, कोर्टाच्या आवारात, सिव्हिलच्या गेटवर दोनच निकाल ऐकू येतात. एक म्हणतो, "डोक्यावर परिणाम झालेल्याला कोण काय करणार, तो सुटणारच." दुसरा म्हणतो, "सगळं सोंग आहे, टाका आत." दोघेही ठामपणे बोलतात. कायदा मात्र या दोघांपैकी कुणाचंच म्हणणं जसंच्या तसं मान्य करत नाही.

या गोंधळाची किंमत खऱ्या माणसांना मोजावी लागते. मार खाल्लेल्या, वॉर्डात काम करणाऱ्या मावशीला (आया) किंवा मामांना (वॉर्डबॉय) सांगितलं जातं की तक्रार करून उपयोग नाही. दाखल करताना सही केलेल्या भावाला वाटतं, आता पोलीस आपल्याच दारात येतील. आणि ज्याच्या हातून हे घडलं, तो रुग्ण बरा झाल्यावरही आयुष्यभर 'तो मारणारा' म्हणून ओळखला जातो. म्हणून हा विषय पायापासून बघू.

सुरुवातीलाच एक सांगायला हवं. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कधीच कुणावर हात उचलत नाहीत. त्यांनाच मारहाण होण्याचं, लुबाडलं जाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. हा लेख त्या थोड्या प्रसंगांबद्दल आहे, जिथे उलटं घडतं.

मनाविरुद्ध दाखल करतात, ते कसं?

आज देशात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ लागू आहे. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. पूर्वी येरवड्याला न्यायचं तर आधी कोर्टाची ऑर्डर काढायची, ही समजूत अजून अनेक घरांत आहे. आता घरच्यांनी दाखल करायचं असेल तर बहुतेक वेळा कोर्टात जावं लागत नाही. या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे, रुग्ण स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. प्रतिनिधी म्हणजे रुग्णाने स्वतः नेमलेला माणूस. नेमला नसेल तर सहसा जवळचा नातेवाईक. दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच असावा लागतो.

त्यांनी काय बघायचं? रुग्णाने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली आहे का किंवा तसा प्रयत्न केला आहे का. तो दुसऱ्यावर हिंसक झाला आहे का, किंवा त्याच्यामुळे कुणाला इजेची भीती वाटते आहे का. स्वतःची काळजी घेणंच त्याला इतकं अशक्य झालं आहे का की त्यातून त्याला इजा होण्याचा धोका आहे. यातलं एक तरी दिसायला हवं. दाखल केल्यावर सात दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती या मंडळाची अध्यक्ष असते आणि दाखल करण्याविरुद्ध रुग्ण तिथे दाद मागू शकतो. ३० दिवसांपलीकडे ठेवायचं असेल तर कलम ९० खाली मंडळाची परवानगी लागते.

दुसरा मार्ग पोलिसांचा. रेल्वे स्टेशनवर, पंढरपूर-अक्कलकोटसारख्या तीर्थक्षेत्री बेवारस फिरणारी, स्वतःला सांभाळू न शकणारी माणसं आपण पाहतो. अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायला कलम १०० मध्ये स्पष्ट मनाई आहे. मॅजिस्ट्रेटसमोर प्रकरण गेलं, तर तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवण्याचा आदेश ते देऊ शकतात.

या सगळ्यात 'गुन्हा' हा शब्द कुठेच आला नाही. दाखल करणं ही शिक्षा नाही, आणि ते पुढच्या कुठल्या गुन्ह्यातून सुटण्याचा परवानाही नाही.

दाखल होता, म्हणजे जबाबदार नव्हताच ना?

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

सोलापूरकराला हा फरक मागावरून पटकन कळेल. यंत्रमागात बिघाड आहे, असाच चालू ठेवला तर कापड खराब होईल किंवा कुणाचा हात सापडेल, म्हणून माग दुरुस्त करणारा जॉबर तो बंद ठेवायला सांगतो. हा निर्णय पुढच्या धोक्याकडे बघून घेतलेला असतो. पण कालच्या चादरीत डाग निघाला आणि मालकाने विचारलं, हा कशामुळे पडला, तर 'माग बिघडलेलाच होता' एवढं उत्तर पुरत नाही. सूत कच्चं असेल, कामगाराचं लक्ष नसेल, किंवा खरोखर त्या बिघाडानेच डाग पडला असेल. नेमका तोच डाग आणि तीच वेळ तपासावी लागते. माणूस म्हणजे माग नव्हे. पण विचारायचे प्रश्न असेच वेगवेगळे असतात.

दाखल करताना डॉक्टर विचारतात: येत्या दिवसांत याच्यापासून याला किंवा इतरांना धोका आहे का, आणि उपचाराचा निर्णय याला घेता येतो का? फौजदारी न्यायालय विचारतं: हल्ल्याच्या त्या क्षणी आपण काय करतोय, ते चूक आहे, हे याला कळत होतं का? शिवाय खटल्याच्या वेळी तिसराच प्रश्न येतो: आज उभा असलेला हा आरोपी आपला बचाव करू शकतो का? पहिला प्रश्न उद्याचा, दुसरा तेव्हाचा, तिसरा आजचा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

कायद्यानेही हे लिहून ठेवलं आहे. २०१७ च्या अधिनियमातल्या कलम ३ नुसार, एखाद्याला मानसिक आजार असल्याचं निदान झालं, एवढ्यावरून तो कायद्याच्या अर्थाने मनोविकल ठरत नाही. तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. मनोविकल म्हणजे ज्याचं मन इतकं बिघडलं आहे की कृत्याची समजच उरलेली नाही, असा माणूस.

त्या क्षणाची कसोटी

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २२ मध्ये जे आहे ते पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होतं. सोप्या शब्दांत: कृत्य करताना मनोविकलतेमुळे ज्याला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याने केलेलं ते कृत्य गुन्हा ठरत नाही.

या विचाराचं मूळ इंग्लंडमधल्या १८४३ च्या एका खटल्यात सापडतं. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतोय, या भ्रमाने पछाडलेल्या डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात ड्रमंड दगावले. मॅक्नॉटन निर्दोष ठरला. लोक खवळले, तेव्हा तिथल्या वरिष्ठ सभागृहाने न्यायाधीशांना प्रश्न विचारले. त्यांनी दिलेली उत्तरं पुढे अनेक देशांच्या कायद्यात उतरली. १८६० साली झालेल्या आपल्या दंड संहितेतही तीच कसोटी आली.

आता समजा, एकाच वॉर्डात दोन रुग्ण आहेत. दोघांनाही कलम ८९ खाली, मनाविरुद्ध दाखल केलंय. पहिल्याला तंबाखू हवी आहे. मावशी नाही म्हणतात. तो दोन वेळा मागतो, शिवी देतो, सिस्टर आत गेल्याचं बघतो आणि मग मावशींच्या तोंडावर ठोसा मारतो. कुणी येताना दिसल्यावर खाटेवर जाऊन पांघरूण ओढून पडतो. दुसऱ्याला तीन दिवस आवाज ऐकू येत आहेत की इंजेक्शनात विष आहे आणि आज रात्री तुला संपवणार आहेत. सिस्टर इंजेक्शन घेऊन जवळ येते तेव्हा तो जिवाच्या भीतीने स्टँड उचलून तिच्यावर मारतो आणि मग तिथेच थरथरत उभा राहतो.

दोघांच्याही केसपेपरवर एकच निदान असू शकतं. तरी कायद्याच्या नजरेत या दोन घटनांमध्ये मोठं अंतर आहे. पहिल्याने संधी बघितली, नंतर लपला. आपण करतोय ते चूक आहे हे कळत असल्याच्या या खुणा आहेत. आजार असूनही त्याच्यावर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. दुसऱ्याच्या मनातल्या जगात तो स्वतःचा जीव वाचवत होता. त्याच्या बाजूने कलम २२ उभं राहण्याची शक्यता खरी आहे.

भ्रम होता एवढ्याने मात्र भागत नाही. १८४३ च्या त्या उत्तरांतच एक कठोर भेद आहे. समोरचा मला ठार मारायला आलाय, असा भ्रम असेल आणि त्यातून वार झाला, तर बचाव मिळू शकतो, कारण ते खरं असतं तर माणसाला स्वसंरक्षणाचा हक्क असताच. पण याने माझी बदनामी केली, असा भ्रम असेल आणि सूड म्हणून वार केला, तर बचाव नाही. कारण खरोखर बदनामी झाली असती तरी खून माफ झाला नसता. आजारी मनाकडून इतका हिशेबी विचार अपेक्षिणं योग्य आहे का, यावर तेव्हापासून वाद आहे, आणि मला तो वाद रास्त वाटतो.

आणखी एक मर्यादा. 'कळत होतं, पण आवरता आलं नाही' ही स्थिती आपल्या कायद्यात बचाव ठरत नाही. कलम २२ फक्त समज विचारतं, आवर घालण्याची ताकद विचारत नाही. इंग्लंडमध्ये १९५७ पासून खुनाच्या खटल्यात मधली वाट आहे: मानसिक विकारामुळे जबाबदारी बरीच कमी झाली असेल तर खुनाऐवजी सौम्य गुन्हा धरला जातो. आपल्याकडे दोषी ठरवताना अशी पायरी नाही. शिक्षा ठरवताना मात्र आजाराचा विचार होतो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही विचारात घेऊन फाशी रद्द केली.

"म्हणजे डॉक्टरचा दाखला आणला की सुटका?"

नाही. हा बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८ तसं सांगतं. गुन्हा घडला आणि तो आरोपीने केला, हे सरकारी पक्षाने निःसंशय सिद्ध करायचं. मग आरोपीने दाखवायचं की त्यावेळी त्याची समज गेली असण्याची शक्यता जास्त आहे. त्याच्याकडून सरकारी पक्षाइतका कडक पुरावा मागितला जात नाही, पण कोऱ्या दाव्यालाही किंमत नाही. १९६४ साली गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सूत्र मांडलं. त्या माणसाने पत्नीवर ४४ वार केले होते. वारांचा हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, शहाणा माणूस असं करणार नाही. न्यायालयाने त्याचा बचाव फेटाळला. कृत्य किती भयंकर आहे, यावरून करणाऱ्याच्या मनाची अवस्था ठरत नाही.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये घरातल्या वाटण्याच्या दगडाने पत्नीचा जीव घेतला. खालच्या न्यायालयात जन्मठेप झाली, उच्च न्यायालयात ती कायम राहिली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कलम ८४ चा फायदा देऊन निर्दोष सोडलं. कशाच्या आधारे? घटनेच्या आधीपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे संशयाचे भ्रम होणाऱ्या आजाराचे, उपचार सुरू होते. वडिलांनाही मानसिक आजार होता. घटनेनंतर तुरुंगातून त्याला वारंवार उपचारासाठी न्यावं लागलं. मारण्यामागचं कारण अगदी क्षुल्लक होतं. दिवसाढवळ्या हे घडलं आणि त्याने लपण्याचा, पळण्याचा प्रयत्न केला नाही. आधी, तेव्हा आणि नंतर, अशा तिन्ही वेळच्या वागण्यातून न्यायालयाने त्या एका क्षणाचा अंदाज बांधला. दाखला या सगळ्यातला एक तुकडा असतो, त्याहून जास्त नाही.

म्हणूनच सोंगाची भीती मला अवाजवी वाटते. कोर्टात उभं राहून विचित्र बोलणं सोपं आहे. पाच वर्षांपूर्वीचे केसपेपर, फार्मसीची बिलं, शेजाऱ्यांच्या आठवणी मागाहून तयार करणं सोपं नाही.

दारू, शिंदी, गांजा आणि बंद केलेल्या गोळ्या

नशेचा बचाव वेगळा आहे आणि फार अरुंद आहे. कुणी फसवून किंवा जबरदस्तीने नशा पाजली, आणि त्यामुळे समज गेली, तरच न्याय संहितेचं कलम २३ संरक्षण देतं. स्वतःहून प्यायलेल्याला 'शुद्धीत नव्हतो' म्हणून सुटता येत नाही. वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदूवर परिणाम होऊन खरा आजारच जडला असेल, तर तो कलम २२ च्या कसोटीवर तपासला जाऊ शकतो. त्या संध्याकाळची नशा नाही.

गोळ्यांबद्दल घरच्यांचा राग मी समजू शकतो. "सांगून सांगून थकलो, गोळ्या घेतल्या असत्या तर हे झालं नसतं." पण गोळ्या बंद करणं हा गुन्हा नाही. आपण आजारीच नाही असं वाटणं हे अनेक गंभीर आजारांचं लक्षणच आहे. न्यायालय हल्ल्याच्या वेळची समज बघतं. ती का गेली, हा पुढचा प्रश्न.

निर्दोष सुटला, म्हणजे घरी आला?

सर्वात मोठा गैरसमज हाच. आधी एक छोटी पायरी: खटल्याच्या वेळी आरोपीला न्यायाधीश काय म्हणताहेत, वकिलाला काय सांगायचं, हेच कळत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २७ व्या प्रकरणाप्रमाणे खटला पुढे ढकलला जातो, त्याच्यावर उपचार होतात आणि बरा झाल्यावर तो पुन्हा सुरू होतो.

खटला चालला आणि कलम २२ खाली तो निर्दोष ठरला, तर निकालात एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागते: ते कृत्य त्याने केलं की नाही. हे फार महत्त्वाचं आहे. मार खाल्लेल्या माणसाला 'तुझ्यावर हल्ला झालाच नाही' असं कोर्ट सांगत नाही. हल्ला झाला, याने केला, पण याला त्याची समज नव्हती, असं कोर्ट सांगतं.

त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७४ लागू होतं. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देतं, किंवा नातेवाईकाने हमी दिली तर त्याच्या स्वाधीन करतं. ही हमी म्हणजे, याची नीट काळजी घेऊ, स्वतःला वा इतरांना इजा करू देणार नाही, सांगाल तेव्हा हजर करू. ताब्यात ठेवलेल्याला सोडायचं तर त्याच्यापासून धोका नाही असं आधी प्रमाणित व्हावं लागतं, आणि निर्णय राज्य शासनाच्या हाती असतो. या ताब्याला शिक्षेसारखी ठरलेली मुदत नाही. दोषी ठरला असता तर दोन वर्षांनी सुटला असता, असा माणूस निर्दोष ठरून त्याहून कितीतरी जास्त काळ आत राहू शकतो.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. आसाममध्ये एका तरुणाला १९५१ मध्ये इजा केल्याच्या आरोपावरून पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. तो बरा असल्याचं डॉक्टरांनी १९६७ मध्ये सांगितलं, तरी त्याला घरी न सोडता गुवाहाटीच्या तुरुंगात हलवलं. २००५ मध्ये तो बाहेर आला. ५४ वर्षं, एकही खटला पूर्ण न होता. 'हे सगळे सुटतात' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस माहीत असायला हवा.

सोलापूरच्या कुटुंबांसाठी यात आणखी एक अडचण आहे. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यातलं जवळचं म्हणजे येरवडा, तेही सुमारे अडीचशे किलोमीटरवर. विडी वळून किंवा मागावर काम करून घर चालवणाऱ्या आईने एका भेटीसाठी रोज बुडवून पुण्याला जायचं, हमीचे कागद करायचे, तारखा सांभाळायच्या. कायद्यात नातेवाईकाच्या स्वाधीन करण्याची सोय आहे. ती वापरायला लागणारं बळ अनेक घरांत नाही. इथे जिल्हा पातळीवरच पुरेशा खाटा आणि घरपोच पाठपुरावा मिळाला पाहिजे, अशी माझी ठाम मागणी आहे.

मग दवाखाना आणि सही करणारे नातेवाईक?

नातेवाईकांची भीती आधी दूर करू. दाखल करण्याच्या अर्जावर सही केली म्हणून रुग्णाच्या पुढच्या कृत्याचा गुन्हा तुमच्यावर येत नाही. फौजदारी जबाबदारी ज्याची त्याची असते. मात्र दाखल करताना आधीचे हल्ले लपवू नका. 'घेणार नाहीत' या भीतीने अनेक जण लपवतात, आणि मग वॉर्डातला माणूस बेसावध राहतो.

दवाखान्याची जबाबदारी येऊ शकते, पण त्यासाठी हल्ला झाला एवढं पुरत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर न्याय संहितेचं कलम १०६ आहे. डॉक्टरांच्या बाबतीत २००५ पासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे: फौजदारी गुन्हा धरायचा तर साधी चूक चालणार नाही, ढोबळ निष्काळजीपणा दिसायला हवा. नुकसानभरपाईच्या दाव्यात कसोटी यापेक्षा सौम्य असते. रुग्णाने धमकी दिल्याची नोंद होती का, ती रात्रपाळीला कळवली का, पन्नास रुग्णांमागे एकच मामा ठेवला होता का, असे प्रश्न तिथे विचारले जातात.

"बांधून ठेवायचं ना मग!" हे उत्तर लगेच येतं. साखळदंडाला २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ९५ ने पूर्ण बंदी आहे. ही बंदी कुठून आली हे विसरू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून गेले. रुग्णाला आवरून धरण्याची मुभा कलम ९७ देतं, पण समोर उभा असलेला धोका टाळण्यासाठी, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ आणि नोंद करून. शिक्षा म्हणून नाही, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचं कारण कायद्याने मुद्दाम लिहिलंय.

"आम्ही मार खाऊन गप बसायचं का वो?"

नाही. आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांना आजवर फार कमी जणांनी नीट उत्तर दिलंय.

पहिली गोष्ट, स्वसंरक्षण. हल्ला करणारा मनोविकल असल्यामुळे त्याचा गुन्हा होत नसला, तरी तुमचा बचावाचा हक्क तसूभरही कमी होत नाही. न्याय संहितेचं कलम ३६ हेच सांगतं. बळ गरजेपुरतं वापरा, धोका टळला की थांबा.

दुसरी, तक्रार. हल्लेखोराला समज होती की नव्हती, हे ठरवायचा अधिकार ठाणे अंमलदाराला नाही, वॉर्डाच्या प्रमुखालाही नाही. ते न्यायालयाचं काम. साधी मारहाण असेल तर सहसा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते. हाड मोडलं, दात पडला, डोळ्याची दृष्टी कायमची गेली, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या, तर ती गंभीर दुखापत होते आणि पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो. त्यासाठी आधी स्वतःची एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची इजेची वैद्यकीय नोंद, करून घ्या. आपल्याच दवाखान्यात आपलीच एमएलसी करायला कर्मचारी लाजतात, साहेब रागावतील म्हणून टाळतात. तसं करू नका. तक्रार म्हणजे रुग्णाशी वैर नव्हे. तक्रारीमुळेच त्याचीही रीतसर तपासणी होते, औषधं बदलली जातात, वॉर्डातला धोका वरच्या कार्यालयाच्या कागदावर येतो.

तिसरी, नोंद. हल्ल्याच्या रात्री सिस्टरने रजिस्टरमध्ये काय लिहिलं, यावर पुढे सगळा निकाल फिरू शकतो. 'रुग्ण आक्रमक झाला' एवढ्या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. हल्ल्याआधी तो काय बोलत होता, कशाला घाबरत होता, आवाज ऐकू येतात असं म्हणाला का, औषध घेतलं होतं का, मारल्यावर पळाला की तिथेच उभा राहिला, नंतर काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत आणि वेळेसह लिहा. खटला उभा राहायला वर्षं लागतात. तेव्हा सिस्टरची बदली झालेली असते, मामांचं कंत्राट संपलेलं असतं. रुग्णाला खरोखर समज नव्हती, तर हीच नोंद त्याला वाचवेल. समज होती, तर हीच नोंद तुम्हाला न्याय देईल.

आणि भरपाई. कंत्राटी कर्मचाऱ्याचं नाव ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेमध्ये असेल तर कामावर झालेल्या इजेचे लाभ तिथून मिळतात. नसेल तर सामाजिक सुरक्षा संहिता २०२० खाली (२१ नोव्हेंबर २०२५ पूर्वी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली) मालकाकडे, म्हणजे ठेकेदाराकडे आणि ज्या संस्थेचं काम आहे तिच्याकडे, मागणी करता येते. हल्लेखोर दोषी ठरला पाहिजे अशी अट तिथे नाही. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये पीडितांसाठी भरपाईची योजना आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी, पीडिताच्या पुनर्वसनाची गरज दिसली तर न्यायालय तशी शिफारस करू शकतं, आणि किती रक्कम द्यायची हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे. अर्जासोबत एमएलसीची प्रत, एफआयआर किंवा एनसीची प्रत आणि उपचाराची बिलं जोडा.